भुंगेऱ्याचं नाव नीट लिहा, एवढंच म्हणणं आहे

प्रति,
द्राक्ष, आंबा, ऊस यांवरच्या किडींची पोस्टरं, घडीपत्रिका, शिबिरातल्या स्लाईड आणि व्हॉट्सअॅपवरचे पीक-सल्ले बनवणारे सगळे सर, मॅडम आणि डीटीपीवाले दादा यांस,

विषय: लांब मिशांच्या भुंगेऱ्यांची शास्त्रीय नावं.

सप्रेम नमस्कार.

मी तासगाव तालुक्यात एक छोटं कृषी सेवा केंद्र चालवतो. शिक्षण बी.एस्सी. झूलॉजी, त्या डिग्रीचा नेमका उपयोग काय झाला असं आमची आई अजून अधूनमधून विचारते, तर तिलाही दाखवता येईल म्हणून हे पत्र. यात कुणा एकाचं नाव घ्यायचं नाही, कारण चूक एकाची नाहीच, एकानं केली, दुसऱ्यानं कॉपी मारली, तिसऱ्यानं त्यावर लोगो लावला, आणि ती आता फिरत फिरत प्रत्येक बागंतल्या शेडच्या भिंतीवर जाऊन बसलीय.

मागच्या जूनमधली गोष्ट. वळवाचे दोन चांगले पाऊस होऊन गेलेले आणि सकाळी सकाळी आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, दुकानात आले. एका हातात लोणच्याची रिकामी बरणी, दुसऱ्या हातात घड्यांवर फाटलेलं पोस्टर. ते पोस्टर दोन वर्षं त्यांच्या शेडमध्ये मोटारीच्या स्टार्टरशेजारी चिकटवलेलं होतं, त्याच्यावर हळदीचे हात, ग्रीसचे हात, सगळ्यांचे हात उमटलेले. तात्या म्हणाले, "हे बघ, कागदावरचा भुंगा काय मला अजून घावला नाही. पण ही तपकिरी किडं रोज रात्री शेडच्या बल्बवर येत्यात. आठ-दहा तर मी धरून बाहेर सोडली, म्हटलं हा आपला नव्हं. एक आणलाय बरणीत, बघ कोण आहे."

मी पोस्टर काउंटरवर पसरलं. वर मोठ्या अक्षरात द्राक्षावरील खोडकिडा, खाली कंसात सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर, आणि मधोमध फोटो. फोटोतला भुंगेरा काळा कुळकुळीत, चकचकीत, पाठीवर पांढरे ठिपके, मिशांवर एकाआड एक पट्टे, अगदी पॉलिश करून ठेवल्यासारखा. आता हा काय आपल्याकडचा नाहीच! तो अॅनोप्लोफोरा ग्लॅब्रिपेनिस, मूळचा चीन आणि कोरियाकडचा, मालाच्या लाकडी खोक्यांतनं अमेरिकेत पोचला आणि १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला मॅपलच्या झाडांत सापडला. तिकडं त्यानं एवढा धुमाकूळ घातला, एवढी झाडं तोडावी लागली, की त्याच्यावर ढिगानं लिहिलं गेलं आणि नेटवर लांब मिशांचा (इंग्रजीत लांब शिंगांचा) भुंगेरा शोधला की पहिला फोटो याचाच पुढं येतो. कुणीतरी तो उचलला, चिकटवला, विषय संपला. सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर असतो मातकट, पिवळसर राखाडी, अंगानं जाड, बाभळीच्या झाडावर बसला तर दिसायचा पण नाही. आणि बरणीतला? तो साधा तपकिरी, अंगावर बारीक लव, भिंगाखाली धरल्यावर कळलं की हा तर स्ट्रोमॅशियम बारबाटम.

म्हणजे नाव एकाचं, फोटो दुसऱ्याचा, आणि तात्यांच्या बागंत तिसराच.

तुम्ही म्हणाल, तिन्ही एकाच कुलातले आहेत ना, सेरॅम्बिसिडी, मग एवढं काय मनाला लावून घ्यायचं. तर त्या कुलात जगभरात पस्तीस हजारांच्या वर जाती आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूर तिन्हीकडची माणसं एकाच आडनावाची असली म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला देत नाही आपण. आमच्याकडं द्राक्षाच्या खोडात घुसणारं जे काय असेल त्याला एकच शब्द, खोडकिडा. त्यात किमान तीन वेगवेगळ्या भानगडी आहेत. स्ट्रोमॅशियमची मादी सुटलेल्या सालीखाली, भेगांत अंडी घालते, अळी आतलं वाळकं लाकूड खात जाते आणि मागं पिठासारखा भुसा दाबून दाबून भरत जाते, बाहेर काहीच दिसत नाही, ओलांडा, म्हणजे वेलीची तारेवरची आडवी फांदी, वाजवून बघितला तर बद्द आवाज येतो तेवढाच. याच किड्याची अळी घरातल्या फर्निचरमध्ये सुद्धा असते, कपाट आणून बरीच वर्षं झाली आणि एक दिवस त्यातनं भुंगेरा बाहेर पडला असं होतं ते याचंच काम. सेलोस्टर्ना वेगळा. त्याची अळी जित्या लाकडात जाते आणि भुसा बाहेर फेकते, खोडाच्या बुडाशी ढीग पडतो, तो बघूनच कळतं. त्याचा भुंगेरा कोवळ्या काड्यांची साल कुरतडतो ते आणखी वेगळं. आणि तिसरी डर्विशिया कदंबी, ती तर भुंगेरा नाहीच, पतंग आहे, तिची अळी पायवाली, भुंगेऱ्याची अळी जवळजवळ बिनपायाची आणि डोक्यामागं रुंद. ज्याच्या बागंत स्ट्रोमॅशियम आहे त्याला सुटलेली साल काढून टाक आणि वाळके ओलांडे बागंत रचून ठेवू नको हे सांगायला पाहिजे. त्याला जर म्हटलं की बुडाशी भुशाचा ढीग शोध, तर तो बिचारा शोधत बसतो, ढीग काय सापडत नाही, आणि म्हणतो माझ्या बागंत कीडच नाही. तात्यांचं तेच झालं. त्यांनी खरड छाटणीत काढलेले जुने ओलांडे शेडला टेकवून रचले होते, जळण म्हणून, बल्बच्या बरोबर खाली!

हे झालं फोटोचं. आता नावाचं, आणि इथं मी जरा जास्तच बोलणार आहे, कंटाळा आला तर चहा घेऊन या.

त्याच महिन्यात दुसरं एक पत्रक हातात आलं, आंब्यावरच्या भिरुडाचं, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किड्याचं. त्यात एकाच पानावर एकाच किड्याचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं, बॅटोसेरा रुफोमॅक्युलेटा, बॅटोसेरा रुफोमॅक्युलेटस, आणि फोटोखाली बी. रुबस. पहिलं बरोबर आहे. दुसरं चूक. तिसरं बरोबर आहे पण ते दुसऱ्याच किड्याचं आहे.

दुसरं चूक का, ते मराठी माणसाला समजवायला एक मिनिट लागतं, इंग्रजीवाल्यांना लागतो अर्धा तास, कारण त्यांच्याकडं विशेषणाला लिंग नसतं आणि आपल्याकडं असतं. काळा घोडा, काळी घोडी, काळं घोडं. लॅटिनमध्ये पण अगदी तस्संच, तीन लिंगं. या भुंगेऱ्याचं वर्णन कार्ल डे गीर या स्वीडिश माणसानं १७७५ साली केलं तेव्हा त्यानं त्याला सेरॅम्बिक्स प्रजातीत (नावातला पहिला शब्द, इंग्रजीत जीनस) टाकलं होतं. सेरॅम्बिक्स पुल्लिंगी, म्हणून नाव झालं सेरॅम्बिक्स रुफोमॅक्युलेटस, तांबड्या ठिपक्यांचा. पुढं त्याला बॅटोसेरा प्रजातीत हलवलं, बॅटोसेरा स्त्रीलिंगी, म्हणून झाली रुफोमॅक्युलेटा, तांबड्या ठिपक्यांची. आणि आपला दाढीवाला, स्ट्रोमॅशियम, तो नपुंसकलिंगी, म्हणून बारबाटम, बारबाटस नाही की बारबाटा नाही. बारबाटमचा अर्थच दाढीवाला, लव आहे ना अंगावर. एवढं कळलं की झालं, काळा घोडी असं कुणी मराठी माणूस लिहील का, तर नाही, मग बॅटोसेरा रुफोमॅक्युलेटस पण लिहू नका.

आणि कंस. डे गीर, १७७५ हे नाव आणि साल कंसात असतं, ते डीटीपीवाले दादा बऱ्याचदा काढून टाकतात कारण ओळीत बसत नाही किंवा बरं दिसत नाही. दादा, तो कंस नटवायला नाही हो. वर्णन करणाऱ्यानं ज्या प्रजातीत ठेवलं होतं त्या प्रजातीतनं ती जात आता दुसरीकडं गेली आहे असं तो कंस सांगतो. बायकांच्या फेसबुकवर नाव असतं ना, सासरचं आडनाव आणि कंसात माहेरचं, तसं समजा. कंस काढला की माहेर पुसलं. आणि जी जात पहिल्यापासून त्याच प्रजातीत आहे तिच्या शास्त्रज्ञाच्या नावाला कंस लावायचा नाही, उगंच कुणाला परक्या घरात पाठवायचं नाही.

हे नियम मी घरी बसून काढलेले नाहीत. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे, आणि सगळ्याची सुरुवात धरतात लिनियस या शास्त्रज्ञाच्या १७५८ च्या प्राण्यांच्या यादीपासून. त्याच यादीत आपल्या भिरुडाचा भाऊ आहे, रुबस, तेव्हाचा सेरॅम्बिक्स रुबस, आता बॅटोसेरा रुबस.

या रुबसची एक गंमत सांगतो, म्हणजे माझ्याच फजितीची. लिंगाचा नियम नवीन नवीन कळला होता तेव्हा अंगात आलं होतं माझ्या, जो दिसेल त्याला करेक्शन. एका पत्रकात बॅटोसेरा रुबस दिसलं आणि मी लगेच त्यांना लांबलचक मेल ठोकला, की महोदय, बॅटोसेरा स्त्रीलिंगी आहे, तरी कृपया रुबा असे वाचावे. तिकडनं दोन ओळींचं उत्तर आलं, फार सभ्य, की रुबस हे विशेषण नसून नाम आहे, एका काटेरी झुडपाचं नाव, नामाला लिंग बदलायची गरज नसते. मी दोन दिवस कुणाला तोंड दाखवलं नाही. बरोबरच आहे की, गाईचं नाव मोगरा ठेवलं म्हणून तिची मोगरी थोडीच होते. तर सांगायचं काय, चुका सगळ्यांच्याच होतात, मी काही आभाळातनं पडलेलो नाही, पण त्या माणसानं मला उत्तर दिलं आणि माझी चूक तिथंच थांबली. तुमच्या पोस्टरवर साधा मोबाईल नंबर पण नसतो की कुणाला सांगावं.

आता आणखी एक, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. शाळेत आपण पाठ केलेलं, सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. प्रजाती म्हणजे बॅटोसेरा, जाती म्हणजे रुफोमॅक्युलेटा. हिंदीत मात्र प्रजाति म्हणजे आपली जाती. निम्मी पत्रकं हिंदीवरनं मराठीत उतरवलेली असतात, टीव्हीवरच्या बातम्यांचा पण तोच घोळ, त्यामुळं मराठीत आता कुठंही, द्राक्षावर भुंगेऱ्याच्या तीन प्रजाती आढळतात, असं छापलं जातं. आढळतात जाती. एकाच प्रजातीतल्या तीन आहेत का तीन वेगळ्या प्रजातीतल्या, हे वाचणाऱ्याला कळायचं कसं? आमच्याकडं दहावीची पोरं दुकानात येतात, ती सुद्धा विचारतात, सर यातलं खरं कुठलं, पुस्तकातलं का पेपरातलं. मी म्हणतो परीक्षेत पुस्तकातलं लिहा.

स्पेलिंगचं पण असंच आहे. सेलोस्टर्ना हे नाव जुन्या पुस्तकांत मधल्या ओ अक्षरासकट लिहिलेलं सापडतं, नवीन ठिकाणी ओ शिवाय. नेटवर एका स्पेलिंगनं शोधलं की दुसऱ्या स्पेलिंगचं साहित्य येतच नाही, माणसाला वाटतं या किड्यावर कुणी काही लिहिलंच नाही. म्हणून माझं म्हणणं, जुनं नाव गुपचूप पुसून नवीन लिहू नका, दोन्ही लिहा, पूर्वीचे नाव अमुक अशी एक ओळ टाका, शेतकऱ्याच्या घरात जुनी पत्रकं पण असतात आणि तो दोन्ही शेजारी ठेवून वाचतो, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त काळजीनं वाचतो. आणि नाव देवनागरीत तर लिहाच, पण शेजारी रोमन अक्षरात पण तिरक्या टाईपमध्ये छापा, प्रजातीचं पहिलं अक्षर कॅपिटल, जातीचं लहान. मी हे पत्र मुद्दाम सगळं देवनागरीत लिहिलंय कारण तात्या वाचणार आहेत, पण देवनागरीत रुफोमॅक्युलेटा, रुफोमाकुलाटा, रूफोमेक्युलेटा काय वाटेल ते लिहिता येतं, सर्च करायला ते कुचकामी.

आणि नक्की माहीत नसेल तर? तर सरळ स्ट्रोमॅशियमची एक जात असं लिहून थांबा. त्यात कमीपणा काय आहे? फोटोवरनं जात ओळखणं तज्ज्ञांना सुद्धा जमतंच असं नाही. १९०६ साली गहान या कीटकशास्त्रज्ञ साहेबांनी ब्रिटिश इंडियाच्या प्राण्यांच्या मालिकेत या भुंगेऱ्यांचा जाड खंड लिहिला, लंडनच्या म्युझियममधल्या नमुन्यांवर बसून, त्यात आपला स्ट्रोमॅशियम आहे, पण बॅटोसेरा आणि सेलोस्टर्ना ज्या उपकुलात येतात ते लॅमिनी त्या खंडात आलंच नाही, पुढच्यासाठी ठेवलं आणि ते राहून गेलं. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाचं पण काम अर्धं राहिलं, मग तुमच्या पत्रकात एका ओळीत जात पक्की नाही असं असलं तर आकाश कोसळणार नाही. चुकीचं पक्कं नाव लिहिलं की मात्र कोसळतं, हळूहळू, एकेक ओलांडा करत.

आपल्या नावांबद्दल पण दोन शब्द. शास्त्रीय नाव आलं म्हणून भिरूड, खोडकिडा, उडद्या, हुमणी ही नावं काढून टाकू नका. उडद्या, म्हणजे द्राक्षाचे कोंब खाणारा बारका भुंगेरा, म्हटलं की आमचा माणूस वेलीचे डोळे फुटताना पहाटे बॅटरी घेऊन बागंत जातो, शास्त्रीय नाव वाचून जाणार नाही. फक्त कुठल्या गावचं भिरूड कुठल्या किड्याला म्हणतात ते लिहा. आंब्याला भिरूड लागलं म्हणतात तेव्हा तो बॅटोसेरा, पण काही ठिकाणी कुठल्याही झाडाला पोखरणाऱ्या कशालाही भिरूड म्हणतात. वाळवा तालुक्याकडं उसात हुमणीचं, म्हणजे मातीत राहून मुळ्या खाणाऱ्या अळीचं, एवढं माहात्म्य आहे की तिकडचा माणूस खोडातली पांढरी अळी बघून पण हुमणीच म्हणतो, आणि एका पोस्टरवर मी खरंच खोडकिडीच्या जागी हुमणीचा फोटो बघितला, चांगली इंग्रजी सी सारखी वळलेली, सहा पाय ढळढळीत दिसतायत! लाकडाच्या आत सरळ बोगदा पाडत जाणाऱ्या अळीला असले पाय काय करायचेत, एवढा तरी विचार.

तर मागणी मोठी नाही. छापायच्या आधी नाव, फोटो आणि मजकूर हे तिन्ही एकाच किड्याचे आहेत का, एवढं कुणीतरी एका कीटकशास्त्र शिकलेल्या माणसानं बघावं. आपल्या जिल्ह्यांत कृषी आणि विज्ञान कॉलेजं कमी नाहीत, एखाद्या एम.एस्सी.च्या पोरीला बसवलं तर ती एका दुपारी तुमची सगळी पत्रकं तपासून देईल, आणि तिला चहाबरोबर मानधन पण द्या. फोटो शक्यतो इथल्याच बागंतला घ्या, खाली कुठं आणि कधी काढला ते लिहा. चूक झाली तर पुढच्या अंकात, पुढच्या मेसेजमध्ये, दुरुस्ती अशी मोठ्या अक्षरात टाका. गुपचूप फाईल बदलू नका, कारण जुनी फाईल व्हॉट्सअॅपवर फिरतच राहते, मला आठवड्यातनं दोनदा तरी येते ती, खाली सुप्रभात लिहून.

तात्यांच्या बागंचं विचाराल तर रचलेले ओलांडे त्याच दिवशी जाळले, खोडाची सुटलेली साल काढली, आणि संध्याकाळी बल्बखाली पाण्याची परात ठेवायला लागले. परातीत किती पडले ते तात्या पाटीवर खडूनं मांडतात, पण तात्यांचं मांडणं म्हणजे चार पडले की उभ्या चार रेघा आणि पाचवा पडला की आडवी रेघ विसरायची, त्यामुळं आकडा मी काही सांगत नाही.

ती बरणी अजून माझ्या काउंटरवर आहे, वजनकाट्याशेजारी. आत तो दाढीवाला, टाचणीला लावलेला, एक मिशी वाटेत मोडली. बाहेर मी चिठ्ठी चिकटवलीय, त्याच्यावर गाव, तारीख, रात्री दिव्यावर सापडला, आणि शेवटी स्ट्रोमॅशियम बारबाटम, कंसात फॅब्रिशियस, १७७५. नाव मी भिंगानं बघून लिहिलंय, चुकलं असेल तर सांगा, चिठ्ठी बदलतो. शेजारी मोकळी बरणी पण ठेवलीय, सेलोस्टर्ना कुणाला घावला तर आणून द्या म्हणून सगळ्यांना सांगितलंय. अजून कुणी आणला नाही.

पुढच्या हंगामाची पोस्टरं मे महिन्यात छपाईला जातात हे मला माहीत आहे. त्याआधी प्रूफ पाठवलं तर मी फुकट बघून देईन, दुकान सकाळी आठला उघडतं, दुपारी जेवायला बंद असतं.

आपला,
तासगावकडचा एक औषध दुकानदार